संगणकाचा आकडा आणि आरोपीच्या पिंजऱ्यातील पोस्टमास्तर

संगणकाने दाखविलेली तूट हाच चोरीचा पुरावा मानून कर्मचाऱ्यांना शिक्षा देण्याचे सर्वांत मोठे प्रकरण ब्रिटनच्या टपाल कार्यालयांत घडले. १९९९ पासून तेथे फुजित्सू कंपनीची ‘होरायझन’ ही हिशेबप्रणाली बसविण्यात आली. त्यानंतर २०१५ पर्यंत चोरी, अफरातफर आणि खोटे हिशेब या आरोपांखाली नऊशेहून अधिक जण दोषी ठरले. त्यांतील बहुसंख्य गावोगावी छोटेखानी टपाल कार्यालय चालविणारे उप-पोस्टमास्तर होते आणि सुमारे सातशे खटले तर खुद्द टपाल कंपनीनेच चालविले. फिर्यादी तीच, तपास तिचाच आणि पुरावा देणारे यंत्रही तिचेच!

लातूर-नांदेडच्या वाचकाला हा विषय दूरदेशीचा वाटेल, पण तसा तो नाही. ‘दर्पण’ योजनेखाली २०१७ पासून देशभरातील शाखा डाकघरे संगणकीय हिशेबाला जोडली गेली. देवणी-जळकोटपासून किनवट-माहूरपर्यंतच्या गावांत बचत खाते, आवर्ती ठेव, मनीऑर्डर यांचा व्यवहार ज्याच्या हातून होतो, तो ग्रामीण डाक सेवक आता यंत्रात दिसणाऱ्या शिलकीला जबाबदार असतो. पूर्वी तो स्वतःच्या हस्ताक्षरातील रोजनामा पुढे ठेवू शकत असे. आता त्याचा हिशेब दूरच्या संगणकात असतो, आणि तो उघडून पाहण्याचा अधिकार त्याला नसतो.

होरायझनमध्ये नेमके काय बिघडत होते, हे समजून घेण्याजोगे आहे. स्कॉटलंडमधील डॅलमेलिंग्टन येथील एका शाखेत २०१५ साली आठ हजार पौंड उपशाखेकडे वर्ग करताना पडदा गोठला. काहीच हालत नाही म्हणून पोस्टमास्तरने पुन्हा पुन्हा कळ दाबली. यंत्राने प्रत्येक वेळी निमूटपणे आठ हजारांची नवी नोंद केली आणि चार नोंदींमुळे चोवीस हजार पौंडांची तूट दिसू लागली. रोकड जागची हलली नव्हती, हलले होते ते आकडे. ‘नेट’ गेले म्हणून पुन्हा बटण दाबणे आपल्याकडे किती नित्याचे आहे, हे सांगायला नको.

याहून गंभीर बाब अशी, की फुजित्सूचे कर्मचारी दुरून शाखेच्या हिशेबात फेरफार करू शकत होते आणि पोस्टमास्तरला त्याचा पत्ताही लागत नसे. टपाल कंपनी हे वर्षानुवर्षे नाकारत राहिली. मदतीसाठी दूरध्वनी करणाऱ्यांना ‘अशी तक्रार फक्त तुमचीच आहे’ असे उत्तर मिळे. अनेकांनी घर गहाण ठेवून तूट भरली. भारतीय वंशाच्या एका पोस्टमास्तर महिलेला २०१० मध्ये पंधरा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा ती गरोदर होती.

न्यायालयांना हे का दिसले नाही? कारण कायद्यात होते. संगणक योग्य रीतीने चालत होता हे फिर्यादी पक्षाने सिद्ध करावे, अशी १९८४ च्या ब्रिटिश कायद्यातील तरतूद १९९९ च्या कायद्याने रद्द झाली. त्यानंतर यंत्र बरोबर आहे असे गृहीत धरले जाऊ लागले आणि ते चुकते हे दाखविण्याचा भार प्रत्यक्षात आरोपीवर पडला. त्यासाठी लागणारी बिघाडाची नोंदवही मात्र फिर्यादीच्या कपाटात बंद होती. ॲलन बेट्स यांच्या नेतृत्वाखाली ५५५ जण दिवाणी न्यायालयात गेले, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी प्रणालीतील दोष मान्य केले. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची शिक्षा एकाच दिवशी रद्द केली. मे २०२४ मध्ये तर संसदेने कायदा करूनच सरसकट शिक्षा रद्द केल्या. सर विन विल्यम्स यांच्या चौकशी अहवालाचा पहिला खंड जुलै २०२५ मध्ये आला; किमान तेरा आत्महत्यांचा या प्रकरणाशी संबंध असावा, असे त्यात म्हटले आहे.

आपल्या कायद्याची स्थिती या बाबतीत जरा वेगळी आहे, आणि तिला घडविणारा एक महत्त्वाचा निकाल मराठवाड्यातीलच आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला का, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातील चित्रफितीचा. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी तो निर्णय कायम ठेवताना स्पष्ट केले, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करायची तर पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. ते मिळविण्यासाठी शक्य ते सारे करूनही अधिकाऱ्याने दिले नाही, तर मात्र पक्षकाराला त्यातून सूट मिळू शकते. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आली असून प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. एक भाग यंत्राचा ताबा असणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा. त्यात नोंदीचे हॅश मूल्यही द्यावे लागते.

हे ब्रिटनपेक्षा बरे, पण पुरेसे नव्हे. प्रत मुळाबरहुकूम आहे, एवढेच हॅश मूल्य सांगते. मूळच चुकले असेल तर चुकीची प्रत तंतोतंत जुळेल. संगणक त्या काळात नीट चालत होता, हे विधानही बहुधा ज्या खात्याने तक्रार केली त्याचाच अधिकारी करणार. नोंद चुकली की काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. २००७ साली पुणे पोलिसांनी ऑर्कुटवरील मजकुराबद्दल बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. दूरसंचार कंपनीने आयपी पत्त्याची माहिती चुकीची दिली होती. निरपराध माणूस सुमारे पन्नास दिवस येरवड्यात राहिला.

टपाल कर्मचाऱ्यासाठी आणखी एक खाच आहे. सरकारी सेवकाने केलेला फौजदारी न्यासभंग (पूर्वीचे कलम ४०९, आता भारतीय न्याय संहितेचे ३१६(५)) हा जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेला गुन्हा आहे. सोपविलेल्या मालाचा हिशेब देता आला नाही किंवा खोटे स्पष्टीकरण दिले, तर अप्रामाणिक हेतूचा निष्कर्ष काढता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने जयकृष्णदास देसाई विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात १९६० साली म्हटले. तो खटला कापडाच्या हिशेबाचा होता, आणि कापड मोजता येते. तूट केवळ पडद्यावर असेल, तर ‘हिशेब दे’ या प्रश्नाला प्रामाणिक माणसाकडेही उत्तर नसते.

खातेनिहाय चौकशीत तर संशयापलीकडचा पुरावा लागतच नाही. संभाव्यतेचे पारडे झुकले की पुरे. त्यामुळे निलंग्याच्या किंवा किनवटच्या न्यायालयात खटला उभा राहण्यापूर्वीच नोकरी गेलेली असू शकते. अशा वेळी बचावाच्या वकिलाने नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ९१) केवळ शिलकीचा तक्ता मागून थांबू नये. त्या दिवसाची व्यवहारनिहाय नोंद, बिघाडाच्या तक्रारी, दुरून कोणी केव्हा प्रवेश केला त्याची वही आणि त्याच प्रणालीवर इतर शाखांत आलेल्या तशाच तुटींची माहितीही मागावी. आणि डाक सेवकाने पडदा गोठला की वेळ लिहून ठेवावी, वरिष्ठांना त्याच दिवशी लेखी कळवावे व पोच घ्यावी. स्वतःच्या खिशातून निमूटपणे तूट भरणे टाळावे. ब्रिटनमध्ये ज्यांनी ती भरली, त्यांच्याविरुद्ध पुढे तीच कबुली म्हणून वापरली गेली.