हातात होते सोळा दिवस

तालमीतला वस्ताद जोड लावायच्या आधी दोन्ही मल्लांच्या मागच्या कुस्त्या आठवून बघतो. १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरला जी जोड लागली, तिचा निकाल त्या हिशेबात बराचसा लिहिलेला होता. वाचणारं माणूस मात्र पेशव्यांच्या गोटात बहुधा एकच होतं.

१ जून, सकाळी ७. मुरारजवळ बहादूरपूरच्या बाजूला चोवीस वर्षांचे जयाजीराव शिंदे फौज आणि तोफा घेऊन उभे आहेत. समोर रावसाहेब पेशवे, तात्या टोपे, झाशीच्या राणीसाहेब आणि बांद्याचे नवाब. आठवडाभरापूर्वी काल्पीला हरलेली, दमलेली ही मंडळी. पण तात्यांनी आधीच गुपचूप ग्वाल्हेरला येऊन शिंद्यांच्या पलटणींशी संधान बांधलेलं आहे. पहिल्या चकमकीतच फौज पेशव्यांकडे वळते. महाराजांचे अंगरक्षक तेवढे लढतात. जयाजीराव धौलपूरमार्गे आग्र्याला निघतात, दिवाण दिनकरराव राजवाडेही आग्रा गाठतात. किल्ला, तोफखाना, खजिना सगळं आयतं हाती येतं.

त्याच दिवशी, काल्पी. इंग्रजांचा सेनापती सर ह्यू रोज आपल्या फौजेला निरोपाचा हुकूम काढतो. मोहीम संपली, आता रजेवर जायचं, असा त्याचा बेत. उन्हानं तो इतका खचलाय की कोंचच्या लढाईत अनेकदा घोड्यावर बसणं अशक्य झालं होतं.

तात्या आणि रोज, दोघांचा मागचा हिशेब इथंच मांडायला हवा. तात्यांच्या नावावर कानपूर आहे. नोव्हेंबर १८५७ मध्ये त्यांनी जनरल विंडहॅमला खंदकांमागे रेटलं होतं. मग चरखारीच्या राजाकडून तोफा आणि तीन लाख रुपये. पण रोजशी गाठ पडली आणि चित्र पालटलं. १ एप्रिलला बेतवेच्या काठी तात्यांकडे वीस हजारांच्या वर माणूस होता आणि रोजकडे दीड हजारांच्या आसपास. कारण बाकीची फौज त्यानं झाशीच्या वेढ्यावरून हलूच दिली नव्हती. तरी तो जिंकला. तात्यांची मागची फळी पुढच्या फळीपासून इतकी लांब होती की मदतीला येईपर्यंत पुढची मोडली. ७ मे, कोंच. वाट अडवून बसलेल्या फौजेला बगल देऊन रोज रातोरात दुसऱ्या अंगाला उतरला. काल्पीलाही झाशीच्या रस्त्यावरची मोर्चेबंदी सोडून तो यमुनेच्या काठानं गोलौलीला आला. तिथं २२ मेला मात्र पेशव्यांचा हल्ला जवळजवळ यशस्वी होत होता. ऐन वेळी उंटदळ धावून आलं म्हणून इंग्रज वाचले. म्हणजे रोज अजिंक्य होता असं नाही. पण वाट पाहावी तिथून तो येत नाही आणि थांबत नाही, हे तीनदा दिसलं होतं. तात्यांचा गुण वेगळाच. हरल्यावर शून्यातून फौज उभी करावी ती त्यांनीच.

३ जून. फुलबागेत दरबार भरतो. रावसाहेबांचा थाट, मानकऱ्यांना वस्त्रं, सैन्याला पगार. पुढचे दिवस ब्राह्मणभोजनात गेले, असं मराठी बखरकार आणि चरित्रकार सांगतात. राणीसाहेबांना हे रुचलं नाही, तोफा-मोर्च्यांकडे बघा म्हणून त्या सांगत राहिल्या, हीही त्याच परंपरेतली गोष्ट. दरबार मुळात चूक होता असं मला वाटत नाही. पेशव्यांचं राज्य आलं, हे शिंद्यांच्या लष्करात दाखवणं गरजेचंच होतं. चूक दरबाराच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते.

४ जून. बातमी काल्पीला पोहोचते. रोज रजा रद्द करतो. त्याच्या जागी नेमलेला रॉबर्ट नेपियर आपण होऊन दुय्यम जागा पत्करतो. रोजला दोन धास्ती आहेत. ग्वाल्हेर मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे. तात्या तिथून दक्षिणेत उतरले आणि पेशव्यांचं निशाण नर्मदेपार गेलं, तर मराठी मुलूख उठेल. दुसरी धास्ती पावसाची. एकदा पाऊस पडला की काळ्या मातीत वेढ्याच्या तोफा रुततील. म्हणजे पेशव्यांना फक्त पाऊस येईपर्यंत टिकायचं होतं किंवा दक्षिणेकडे निघून जायचं होतं. दोन्ही घडलं नाही.

६ जून. रोज काल्पी सोडतो. कूच रात्री, मुक्काम दिवसा. १२ तारखेला इंदुर्कीला आपली पुढे गेलेली तुकडी गाठतो.

१६ जून, सकाळी ६. रोज बहादूरपूरला. पंधरवड्यापूर्वी जयाजीराव हरले तोच परिसर. रात्रभर चालून आलेल्या फौजेला विसावा द्यावा, हा साधा व्यवहार. तो देत नाही. टेहळणी करतो आणि लगेच मुरारच्या छावणीवर चालून जातो. ऊन चढायच्या आत छावणी त्याच्या ताब्यात.

१७ जून, सकाळी ७.३०. शिप्रीकडून आलेला ब्रिगेडियर स्मिथ कोटा की सरायला पोहोचतो, शहराच्या आग्नेयेला काही मैलांवर. समोर टेकड्या, मधून खिंड, कालवा. ही पूर्वेची बाजू राणीसाहेबांनी मागून घेतली होती, असं सांगतात. रोजचा स्वभाव पाहता धोका तिकडूनच होता. स्मिथचं पायदळ टेकड्या चढतं. दुपारी आठव्या हुसार्सची एक तुकडी कॅप्टन हेनेजच्या मागोमाग खिंड ओलांडून थेट फुलबागेच्या छावणीपर्यंत घुसते आणि तोफा घेऊन परतते. परतताना शिपायांना खोगिरावर धड बसवत नव्हतं. त्या दिवसासाठी चौघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्याच धुमश्चक्रीत राणीसाहेब पडल्या. स्वाराच्या वेशात होत्या, मारणाऱ्याला बहुधा कळलंही नाही. नाल्यापाशी नवा घोडा अडला, गोळी आधी की तलवार, याबद्दल जितके सांगणारे तितक्या हकिकती. इंग्रजी कागदांत तारीख १७, आपल्याकडे १८ मानतात. गंगादास बाबांच्या मठाशी घाईनं चिता रचली गेली, एवढ्यावर बहुतेकांचं एकमत.

१८ जून. रोज मुरार नेपियरवर सोपवून स्मिथला मिळतो. त्या एका वाटचालीत ८६ व्या पलटणीची शंभर माणसं उन्हानं गळतात.

१९ जून. टेकड्या जातात आणि संध्याकाळपर्यंत लष्कर हे शहरही जातं.

२० जून, पहाट. किल्ल्यावर अजून तोफा चालू आहेत. लेफ्टनंट रोज नावाचा तरुण अधिकारी एक लोहार आणि थोडी माणसं घेऊन एकेक दरवाजा फोडत वर जातो. किल्ला पडतो, तो मात्र मारला जातो. त्याच दिवशी जयाजीराव लष्करात परत येतात.

२२ तारखेच्या सुमारास नेपियर जौरा-अलीपूरला तात्यांना गाठतो आणि पंचवीस तोफा घेतो. महिनाअखेर सर ह्यू सूत्रं त्याच्याकडे देऊन मुंबईला जातो. तात्या राजपुतान्यात शिरतात, पुन्हा फौज जमवतात आणि ऑक्टोबरमध्ये नर्मदाही ओलांडतात. तोवर मागे किल्ला नव्हता, खजिना नव्हता आणि दक्षिणेत कोणी उठलं नाही. १८ एप्रिल १८५९ ला त्यांना शिप्रीत फाशी दिलं. आता त्या गावाला शिवपुरी म्हणतात.