आवाज साठवणारे यंत्र आणि आपली गाणी

1877 सालच्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील मेन्लो पार्क येथे थॉमस एडिसन यांनी एका नळकांड्यावर कथलाचा पातळ वर्ख गुंडाळला, त्यासमोर एक बालगीत म्हटले आणि तेच बोल यंत्राकडून परत ऐकले. तोंडातून निघालेला शब्द हवेत विरतो, तो परत येत नाही, असे माणूस हजारो वर्षे मानत आला होता. त्या दिवशी ते खोटे ठरले.

त्या वेळी आपले पूर्वज मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत राबत होते. मुंबई बंदरातून निघून पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरल्याला त्यांच्यापैकी कित्येकांना वीस-पंचवीस वर्षे होऊन गेली होती. आवाज साठवण्याची विद्या जगात आली ती त्यांच्या हयातीतच. ती त्यांच्यापर्यंत का पोहोचली नाही आणि त्यामुळे आपल्यावर कोणते काम येऊन पडले, हे या शताब्दीच्या निमित्ताने आपण पाहू या.

आधी ते यंत्र कसे चाले ते समजून घेऊ. आम्ही वर्गात मुलांना फुगलेला फुगा ओठांजवळ धरून बोलायला सांगतो. बोलताच फुगा हातात थरथरतो. एडिसनच्या यंत्रात अशीच एक पातळ चकती थरथरे आणि तिला जोडलेली सुई वर्खावर खळगे पाडीत जाई. सुई पुन्हा त्याच खळग्यांवरून फिरवली की चकती थरथरे आणि आवाज उमटे. पण वर्ख नाजूक होता, चार-सहा वेळा ऐकला की झिजून जाई. पुढे मेणाची नळकांडी आली. ती अधिक टिकत, पण त्यांवर जेमतेम दोन-तीन मिनिटांचे गाणे मावे. नकला काढण्याची सोयही सुरुवातीला नव्हती. गायकाला तेच गाणे पुन्हापुन्हा म्हणावे लागे. 1887 साली एमिल बर्लिनर यांनी सपाट तबकडी काढली. एका साच्यावरून तिच्या हव्या तितक्या प्रती छापता येत. पुढे या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या होऊ लागल्या, आणि ती लाख मुख्यत्वे भारतातूनच जाई.

या यंत्राने कोणाचे आवाज राखले? मार्च 1890 मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स हे अभ्यासक अमेरिकेच्या मेन प्रांतात गेले आणि पासामाक्वाडी या मूळ रहिवासी जमातीची गाणी व कथा त्यांनी मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतल्या. लोकांच्या वस्तीजवळ जाऊन केलेले हे पहिले ध्वनिमुद्रण मानले जाते. जवळजवळ शंभर वर्षांनी त्याच्या प्रती त्या जमातीच्या हाती आल्या आणि पणतवंडांनी पणजोबांचा आवाज ऐकला.

भारतात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग 1902 साली कोलकात्यात आले आणि त्यांनी प्रसिद्ध गायिका गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. गाण्याच्या शेवटी गौहरजान आपले नाव उच्चारीत. तबकड्या छापल्या जात जर्मनीतील हॅनोवरला. तिथल्या कामगारांना गाणे कोणाचे हे कळावे म्हणून ही रीत होती, असे सांगतात. मराठी रंगभूमीचे दैव मात्र इतके बलवत्तर नव्हते. 1880 च्या ‘संगीत शाकुंतल’पासून मराठी संगीत नाटक गाजू लागले, आणि भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्याने महाराष्ट्र वेडा झाला. भाऊराव 1901 साली वारले. गैसबर्ग यायला अजून एक वर्ष होते. त्यांच्या आवाजाची कीर्ती आज आपण फक्त वाचतो.

जिथे एवढ्या नामवंत नटाचा आवाज राहिला नाही, तिथे मळ्यातल्या मजुराचा कोण राखणार? सरकारी दप्तराने आपल्या पूर्वजांना क्रमांक दिला. नावे कारकुनाच्या कानाला जशी लागली तशी लिहिली. 1860 च्या दशकापासून त्यांची छायाचित्रेही काढली, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ती आजही जपलेली आहेत. क्रमांक राहिला, चेहरा राहिला. आवाज तेवढा राहिला नाही.

तरीही गाणी आपल्यापर्यंत आली, कारण गळ्याने ती गळ्याला दिली. जात्यावरच्या ओव्या, पाळणे, लग्नातली हळदीची गाणी, भजने आणि गणपतीत ढोलकीवर रंगणारी झाकरी. कोकणात तिला जाखडी म्हणतात. हे सारे कोणी वहीत लिहून आणले नव्हते. जहाजावर बोचके चोरीला गेले तरी हा ऐवज सुरक्षित होता.

शिक्षिका म्हणून आम्हांला या गाण्यांचे मोल आणखी एका कारणाने वाटते. आम्ही शाळेत शिकवतो ती पुस्तकी मराठी. ती हवीच. पण पूर्वज बोलत होते ती रत्नागिरी-साताऱ्याकडच्या खेड्यांतली बोली, आणि ती आज या जुन्या गाण्यांतच उरली आहे. जाते कधी न पाहिलेली मुले ओवी म्हणतात, तेव्हा त्यांच्या तोंडी पणजीचा शब्द असतो. तो वहीत उतरवता येईल. पण चाल, हेल आणि श्वास घेण्याची जागा लिहिता येत नाही. त्यासाठी आवाजच लागतो.

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. आज प्रत्येकाच्या खिशात एडिसनच्या यंत्राहून शंभरपट चांगले यंत्र आहे. आपल्या घरच्या आजीजवळ, काकीजवळ बसा आणि तिला येतात ती गाणी भरून घ्या. अर्धवट आठवली तरी चालतील, सूर हलला तरी चालेल. कठीण शब्दांचा अर्थ तिलाच विचारा. एक प्रत घरी ठेवा, एक आपल्या मंडळाकडे द्या. आणि गाणे संपले की गौहरजानसारखे तिला स्वतःचे नाव सांगू द्या, गावाचे नाव सांगू द्या. पूर्वजांची नावे दुसऱ्यांनी लिहिली. त्यांच्या नातींनी ती आपल्या तोंडाने सांगावीत.