खिडकी आणि आज्ञा : फाइल हाताळणीचा छोटा इतिहास

१/ १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. एखाद्या अभ्यासकाने जुन्या परभणीच्या गावोगावच्या दस्तऐवजांची छायाचित्रे एकाच फोल्डरमध्ये साठवली असतील, तर वसमत, कळमनुरीची गावे वेगळी कशी काढावी? माउसने निवडत बसावे लागेल. फाइलींच्या नावांत तालुका असेल, तर कमांड लाइनवर तालुक्यागणिक एक ओळ पुरते.

२/ मात्र ही ओळ निष्ठुर असते. तिने पुसलेली फाइल कचरापेटीत सापडत नाही. म्हणूनच खिडकीची नजर आणि आज्ञेचे बळ एकत्र आणण्याचे प्रयत्न झाले.

३/ १९८६ मध्ये जॉन सोचा यांचा नॉर्टन कमांडर आला : वर दोन चौकटी, तळाशी आज्ञेची ओळ. १९९४ मध्ये मिगेल दे इकाझा यांच्या मिडनाइट कमांडरने हीच मांडणी युनिक्सवर नेली.

४/ मार्च २००१ मध्ये ईझेल कंपनीचा नॉटिलस १.० प्रसिद्ध झाला. नॉटिलसच्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमध्ये स्वतः लिहिलेली आज्ञावली ठेवली, की ती उजव्या क्लिकच्या मेनूत दिसते आणि निवडलेल्या फाइलींची नावे तिला आपोआप मिळतात. निवड डोळ्यांनी, काम आज्ञेने.

५/ दोनच महिन्यांत ईझेल बंद पडली. पण नॉटिलसचा सोर्स कोड मुक्त परवान्याखाली होता. ग्नोम प्रकल्पाने तो पुढे चालवला. आज तो ‘फाइल्स’ नावाने वापरात आहे. दस्तऐवज जपणाऱ्याने साधन निवडताना त्याचा परवानाही वाचावा, तो यासाठीच.