घरचे इंटरनेट संथ चालते? कंपनी बदलण्याआधी हे तपासा

घरातल्या एकाच जोडणीवर कुणाचा स्पर्धा परीक्षेचा वर्ग, कुणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, तर कुणाची नोकरी अवलंबून असते. म्हणून रागाच्या भरात कंपनी बदलण्यापूर्वी आम्ही पुढील क्रम सुचवतो.

प्रथम लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा, बाकी उपकरणे बंद ठेवा आणि सकाळी व रात्री वेग मोजा. १०० एमबीपीएसच्या योजनेत फाइल सेकंदाला साधारण १२ मेगाबाइटनेच उतरते, कारण ८ बिटांचा १ बाइट होतो. ही फसवणूक नव्हे.

केबलवर वेग पूर्ण आणि वायफायवर कमी असेल, तर दोष घरातच आहे. राउटर कपाटातून काढून उंच, मोकळ्या जागी ठेवा. जवळ बसत असाल तर ५ गिगाहर्ट्झ निवडा, २.४ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे पोचते, पण वेग कमी देते.

केबलवरही वेग कमीच असेल, तर योजनेची डेटा मर्यादा संपली आहे का ते पाहा. फक्त रात्रीच वेग पडत असेल, तर कंपनीच्या जाळ्यावर गर्दी असण्याची शक्यता आहे. मोजणीचे स्क्रीनशॉट जोडून तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. दाद मिळाली नाही, तर कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे जाता येते.

तरीही फरक पडला नाही, तर खुशाल बदला. मात्र नव्या कंपनीचा रात्रीचा वेग आधी शेजाऱ्यांना विचारा, अनामत रकमेचा हिशेब लेखी घ्या आणि नवी जोडणी नीट चालू झाल्यावरच जुनी बंद करा.