ढाक, गोल्फ आणि तळपाय

गेल्या शनिवारी पुण्यात ऑफिसच्या मंडळींबरोबर गोल्फ शिकायला गेलो होतो (हसू नका, फुकट होतं!). कोच सारखा ओरडत होता, "सर, वेट ट्रान्स्फर!" काठी मागे नेताना वजन उजव्या पायावर, मारताना डाव्या. वीस चेंडूंत माझं वजन कुठेच गेलं नाही. मीच एकदा गेलो, खाली.

रविवारी कोल्हापूरला घरी आजोबांना सांगितलं. ते तरुणपणी तालमीत जायचे. "हा तर ढाक डाव की रं!" म्हणत त्यांनी थेट माझ्या मानेला विळखा घातला. आई ओरडली म्हणून वाचलो.

ढाक म्हणजे काय, तर समोरच्याच्या मानेला मिठी मारायची, वळून आपली कंबर त्याच्या पुढ्यात घालायची आणि त्याला कमरेवरून पाठीवर आपटायचं. ताकद लागतेच, पण आधी त्याचं वजन त्याच्या चवड्यांवर यायला हवं, आणि नेमक्या त्याच क्षणी आपलं एका पायावरून दुसऱ्यावर. क्षणभर उशीर झाला की आपणच खाली.

खाशाबा जाधवांचा हा लाडका डाव. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांना पैसे दिले. तिथे ते सहावे आले. मॅटची सवयच नव्हती हो! लाल मातीत पैलवान अनवाणी असतो, अंगठा रुतवून तोल धरतो. मॅटवर पायात बूट आणि खाली गादी. म्हणजे जन्मभर तळपायानं शिकलेलं सगळं पुन्हा शिकायचं.

आणि ते शिकले. १९५२, हेलसिंकी, बँटमवेट गट, ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक! जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती हरल्यावर विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत पैलवानासमोर उभं केलं, असं सांगतात. दमलेल्या पायांवर कसला तोल राहणार? मला अजूनही त्याची चुटपुट लागते.

संध्याकाळी आजोबांबरोबर खासबागेत गेलो. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेलं मैदान. आजोबा आखाड्याच्या कडेला चप्पल काढून उभे राहिले.

"आता बघ," म्हणाले, "वजन कुठं हाय सांग."

मला नाही सांगता आलं.