खाऱ्या पाण्याचे घरगुती मत्स्यालय : साधने, प्रकाश आणि समतोलाची कल्पना (इंग्लंड, १८४६–१८७१)

समुद्रातील प्राणी किनाऱ्यापासून दूर, घराच्या चार भिंतींत जिवंत ठेवावयाचा तर समुद्र त्याच्यासाठी जी कामे आपोआप करीत असतो ती सर्व माणसाला पत्करावी लागतात. लाटा पाण्यात हवा मिसळतात. सूर्यप्रकाश शैवलांना वाढवितो. भरती-ओहोटी मळ वाहून नेते. आणि अफाट जलराशीमुळे उष्णतेतील चढउतार सौम्य राहतात. पेटी कशाची करावी, पाणी कोठून आणावे, त्यात हवा कशी खेळवावी आणि त्यावर उजेड किती पडू द्यावा, हे प्रश्न वरवर पाहता केवळ गृहोपयोगी वस्तूंच्या निवडीचे आहेत. वस्तुतः त्यांच्या प्रत्येक उत्तरामागे निसर्गाच्या व्यवहाराविषयीचा एक सिद्धांत उभा असतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये घरगुती सागरी मत्स्यालयाची जी लाट उसळली, तिच्या अवघ्या पंचवीस वर्षांत प्रकाशाविषयीचे जाणकारांचे मत जवळजवळ उलटे झाले. प्रारंभी जो प्रकाश या छोट्या सागराचा पालनकर्ता मानला गेला, तोच पुढे त्याचा शत्रू ठरला. हे मतांतर का घडले आणि ते घडेपर्यंत त्याची किंमत कोणी मोजली, याचा विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

येथे एक खुलासा अवश्य आहे. या पेट्यांतील मुख्य रहिवासी मासे नसून समुद्रपुष्पे, खेकडे, कोळंबी, शंखातील गोगलगाई आणि लहान प्रवाळ हे होते. मराठीत रूढ झालेला 'मत्स्यालय' हा शब्द केवळ सोयीसाठी वापरला आहे.

१

या छंदाची सैद्धांतिक पूर्वपीठिका अठराव्या शतकातील रसायनशास्त्रात सापडते. मेणबत्तीच्या ज्वलनाने दूषित झालेली हवा वनस्पतीच्या सान्निध्यात पुन्हा शुद्ध होते, हे जोसेफ प्रीस्टली यांनी १७७१ मध्ये पाहिले होते. हे कार्य वनस्पतीचे हिरवे भागच करतात आणि तेही प्रकाशातच, हे यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्ये दाखवून दिले. वनस्पतीने प्राणवायू सोडावा, प्राण्याने तो घ्यावा, आणि प्राण्याने सोडलेला वायू पुन्हा वनस्पतीने घ्यावा, अशा परस्परावलंबनाचे चित्र त्यातून उभे राहिले. त्यास पुढे 'समतोल' ही संज्ञा मिळाली. लंडनमधील वैद्य नॅथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ मध्ये एका झाकलेल्या बाटलीतील मातीत नेच्याचे रोप आपोआप वाढलेले आढळले. त्यावरून सिद्ध झालेली वॉर्ड यांची काचपेटी लवकरच दिवाणखान्यांत जाऊन बसली. बंद काचेआड एक स्वयंपूर्ण सृष्टी नांदू शकते, ही कल्पना त्या पेटीने सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर आणली.

तथापि कल्पना असली तरी साधने स्वस्त असावी लागतात. काचेवरील अबकारी कर १८४५ मध्ये उठविण्यात आला, आणि १६९६ पासून चालत आलेला खिडक्यांवरील कर १८५१ मध्ये रद्द झाला. पहिल्या निर्णयाने पेटीची काच स्वस्त झाली. दुसऱ्याने घरात येणारा उजेड करमुक्त झाला. याच सुमारास लोहमार्गांनी लंडन शहर किनाऱ्याशी जोडले गेले होते, त्यामुळे समुद्राचे पाणी व जिवंत प्राणी काही तासांत राजधानीत पोहोचू लागले. सिद्धांत, काच, उजेड आणि आगगाडी हे चारही घटक एकाच दशकात जुळून आले, हा योग ध्यानात घेतल्याशिवाय या छंदाच्या आकस्मिक प्रसाराचा उलगडा होत नाही.

२

ॲना थिन या वेस्टमिन्स्टर ॲबीच्या एका धर्माधिकाऱ्याच्या पत्नी होत्या. १८४६ मध्ये टॉर्की येथील किनाऱ्यावरून त्यांनी काही एकाकी प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचे पाणी वारंवार मिळणे शक्य नसल्यामुळे तेच पाणी त्या दररोज उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्यात ओतवून घेत. हे काम अर्धा ते पाऊण तास चाले आणि ते घरातील एक लहान मोलकरीण करी. पुढे त्यांनी पाण्यात समुद्रशैवले ठेवली. आपल्या निरीक्षणांचा वृत्तांत त्यांनी १८५९ मध्ये प्रसिद्ध केला. इतिहासदृष्ट्या येथे दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक अशी की, पाण्याला हवा देण्याचे पहिले घरगुती 'यंत्र' म्हणजे एका मुलीचे हात होते. दुसरी अशी की, शैवल आणि प्रकाश यांचे जे आकर्षण पुढे वाटले, ते बऱ्याच अंशी हे श्रम टाळण्याच्या आशेतून निर्माण झाले. समतोल साधला की ओतण्याची गरज उरणार नव्हती.

या आशेला प्रयोगाचा आधार दिला तो रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने. गोड्या पाण्याच्या एका भांड्यात दोन सोनेरी मासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगाई ठेवून पाणी न बदलता ही व्यवस्था टिकते, असे त्यांनी १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे मांडले. यातील गोगलगाईंची योजना मार्मिक होती. मासे व वनस्पती एवढ्यावर समतोल साधत नाही. कुजणाऱ्या पदार्थाची विल्हेवाट लावणारा तिसरा घटक लागतो, हे त्यांनी ओळखले होते. पुढे समुद्राच्या पाण्यावर प्रयोग करताना तांबड्या शैवलांपेक्षा हिरवी शैवले अधिक उपयोगी पडतात, असाही अनुभव त्यांना आला.

या प्रयोगांना लोकप्रियता मिळवून दिली ती फिलिप हेन्री गॉस यांनी. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात १८५३ च्या मे महिन्यात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्याच्या उभारणीत गॉस यांनी पाठविलेल्या सागरी प्राण्यांचा मोठा वाटा होता. दुसऱ्याच वर्षी त्यांचा 'दि ॲक्वेरियम' हा सचित्र ग्रंथ आला, आणि १८५५ मध्ये घरगुती उपयोगाची छोटी पुस्तिका प्रसिद्ध झाली. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी त्यांनी कृत्रिम समुद्रजलाची कृतीही दिली : साधे मीठ साडेतीन औंस, एप्सम मीठ पाव औंस, मॅग्नेशियम क्लोराइड २०० ग्रेन आणि पोटॅशियम क्लोराइड ४० ग्रेन, हे सारे सुमारे एक गॅलन पाण्यात विरघळवावयाचे. समुद्राच्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण आता गृहिणीच्या तराजूत उतरले होते. या पाण्यात प्रथम शैवले सोडावी, ती काही दिवस प्रकाशात राहू द्यावी आणि मगच प्राणी सोडावे, हा गॉस यांचा क्रम होता. अर्थात प्रकाश आधी व प्राणी नंतर, हे या पहिल्या कालखंडाचे सूत्र होय.

३

सूत्र योग्य होते. त्याचे आचरण मात्र बहुतेक घरांत फसले. प्रकाशाने प्राणवायू मिळतो, एवढेच वाक्य लक्षात ठेवून लोकांनी चारही बाजूंनी काच असलेल्या पेट्या उन्हाच्या खिडकीत ठेवल्या. परिणाम ठरलेला असे. पाण्यात सूक्ष्म शैवलांची बेसुमार वाढ होऊन ते हिरवेगार व अपारदर्शक होई. काचांवर पुटे चढत. उन्हाळ्यात पाणी तापे, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळत असल्यामुळे, नेमकी अधिक गरज असताना प्राण्यांना तो अपुरा पडे. एखादे समुद्रपुष्प मरून कुजले की उरलेली पेटी एका दिवसात दुर्गंधीयुक्त होई. खडकातील डबक्यात उजेड वरून येतो. बाजूंना दगड असतो. काचपेटीत तो चोहोकडून येतो. निरीक्षकाच्या सोयीसाठी केलेली रचना ही रहिवाशाच्या दृष्टीने अनैसर्गिक होती.

हा दोष वॉरिंग्टन यांच्या लवकर ध्यानात आला. केवळ समोरची बाजू काचेची, इतर बाजू अपारदर्शक व मागची बाजू उतरती, अशी पेटी त्यांनी योजिली. उजेड मुख्यतः वरूनच यावा हा तिचा उद्देश. वेल्समधील मेनाय ब्रिज येथील एडवर्ड एडवर्ड्‌स यांनी १८६० नंतरच्या दशकात याच्याही पुढचे पाऊल टाकले. खडकांतील डबक्यांना खाली खोल, अंधाऱ्या भेगा असतात व तेथील पाणी निवळ राहते, हे पाहून त्यांनी उतरत्या तळामागे अंधाऱ्या पाण्याचा कप्पा असलेली पेटी तयार केली. उजेडातील थोडे पाणी आणि अंधारातील राखीव पाणी यांचा संबंध चालू राहिला की शैवलांच्या अतिवाढीस आळा बसतो, हे तिचे तत्त्व.

या तत्त्वाला पूर्ण यांत्रिक रूप दिले विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी. लंडनमध्ये मत्स्यालयाच्या साहित्याचे त्यांचे दुकान होते, आणि १८५८ मध्ये त्यांनी काढलेली विस्तृत किंमतसूची ही त्या काळच्या साधनांची जणू जंत्रीच आहे. दुकान पुढे टिकले नाही. परंतु ग्राहकांच्या अपयशातून लॉइड जे शिकले ते त्यांनी हॅम्बुर्ग येथील १८६४ च्या आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेस येथील १८७१ च्या मत्स्यालयांत उपयोगात आणले. सिडनहॅम येथे प्रदर्शनाच्या टाक्यांतील पाण्याच्या कित्येक पट पाणी खालच्या अंधाऱ्या, थंड हौदात साठविलेले असे आणि वाफेवर चालणारे पंप ते अखंड फिरवीत. खाऱ्या पाण्याने धातू झिजतात व त्यांचे क्षार प्राण्यांना विषारी ठरतात, म्हणून पंप व नळ कठीण केलेल्या रबराचे होते. हवा देण्याचे काम शैवलांकडून काढून घेऊन ते वाहत्या पाण्याकडे सोपविले गेले. प्रकाशाला आता एकच मुख्य काम उरले : प्राणी दिसावेत एवढ्यापुरता उजेड पुरविणे.

समतोलाची कल्पना येथे खोटी ठरली असे म्हणणे घाईचे होईल. ती अपुरी होती. लॉइड यांच्या रचनेतही समतोल होताच. फक्त तो दिवाणखान्यातील पेटीत मावणारा नव्हता. त्याला मोठा जलसाठा, इंजिन आणि पगारी माणसे लागत. म्हणूनच सार्वजनिक मत्स्यालये भरभराटीस येत असताना घरगुती पेट्या ओस पडल्या. जे. जी. वुड यांनी १८६८ मधील आपल्या पुस्तकात या छंदाचा उल्लेख येऊन ओसरलेल्या साथीसारखा केला आहे.

४

नंतरच्या संशोधनाच्या प्रकाशात या वादाचा निवाडा करता येतो. प्राण्यांच्या उत्सर्गातील विषारी अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर होते ते जीवाणूंमुळे. ही क्रिया सजीवांकडून घडते हे श्लोझिंग व म्युंट्झ यांनी १८७७ मध्ये दाखविले. नव्या पेटीतील प्राणी का दगावत, याचे खरे कारण त्यात आहे : हे अदृश्य सहकारी तेथे अद्याप वसलेले नसत. गॉस यांच्या 'थांबा आणि मग प्राणी सोडा' या उपदेशाचे फळ त्यांना वाटले त्याहून मोठे होते. परंतु त्याचे श्रेय केवळ शैवलांचे नव्हते.

दुसरा मुद्दा प्राण्यांच्या निवडीचा. ॲना थिन यांनी पाळलेले ब्रिटिश किनाऱ्यावरील एकाकी प्रवाळ हे प्रकाशावर जगणारे नव्हेत. ते भक्ष्य पकडून खातात. अशा प्राण्यांसाठी लॉइड यांचा मंद उजेड पुरेसा होता. याउलट उष्ण कटिबंधातील भित्तीकारक प्रवाळांच्या ऊतींत सूक्ष्म शैवले राहतात आणि प्रकाशाच्या साहाय्याने अन्न निर्माण करून यजमानाला देतात. या सहवासी शैवलांना कार्ल ब्रांट यांनी १८८१ मध्ये नाव दिले. असे प्रवाळ घरात ठेवावयाचे तर प्रकाश हाच आहाराचा मोठा भाग होतो. विसाव्या शतकात ली चिन एंग यांनी जकार्ता येथे सजीव खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्या साध्या साधनांवर प्रवाळ ठेवून दाखविले व १९६१ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. विषुववृत्ताजवळ जे ऊन फुकट होते, ते युरोपातील छांदिष्टांना मेटल हॅलाइड दिव्यांनी, आणि एकविसाव्या शतकात एलईडी दिव्यांनी, विकत घ्यावे लागले. अशा रीतीने गॉस यांचा प्रकाश पुन्हा पेटीवर आला. मात्र लॉइड यांचा खालचा हौद व फिरते पाणी न सोडता. आजच्या घरगुती पेटीत ही दोन्ही मते एकत्र नांदतात. तेव्हा दिवा कोणता हा प्रश्न पहिला नसून, प्राणी कोणता हा पहिला आहे.

५

राहिला प्रश्न किमतीचा. फसलेली प्रत्येक पेटी पुन्हा भरली जाई ती किनाऱ्यावरून. गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'फादर अँड सन' या आत्मवृत्तात, बालपणी पाहिलेली डेव्हनची खडकांतील डबकी संग्राहकांच्या झुंडींनी उजाड केल्याची खंत नोंदविली आहे. या उजाडपणास वडिलांच्या ग्रंथांची लोकप्रियता कारण झाली, आणि वडिलांनाही याचे दुःख झाले, हे त्यांनी लपविले नाही. सृष्टीच्या निरीक्षणाचे प्रेम वाढविणारे पुस्तक त्या सृष्टीच्या लुटीस कारणीभूत व्हावे, हा या इतिहासातील सर्वांत विचार करावयास लावणारा भाग होय.

अपयश साधनांचे होते आणि शिक्षा किनाऱ्याला झाली. समतोलाचा हिशेब पेटीच्या चार काचांच्या आत मांडला गेला. पेटीत येणारे पाणी, शैवल आणि प्राणी ज्या किनाऱ्यावरून येत, त्याची खातेवही कोणीच उघडली नाही. हा विचार कायद्यात उतरण्यास विसावे शतक सरावे लागले. भारतात भित्तीकारक प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये स्थान मिळाले. त्यामुळे मालवणच्या समुद्रातील जिवंत पोवळे उचलून घरच्या पेटीत ठेवणे हा आज गुन्हा आहे. लंडनच्या खिडकीतील हिरव्या पडलेल्या पाण्याने एवढे निश्चित शिकविले की, छोट्या सागराचा समतोल मोठ्या सागराच्या समतोलाहून वेगळा काढून मोजता येत नाही. उपकरणांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने शोधकांच्या नामावलीइतकेच या दुसऱ्या जमाखर्चाकडेही लक्ष देणे अगत्याचे आहे.