माळावरचा फॉस्फरस उजनीत कसा गेला?

शिरूर-दौंड भागात पूर्वी पीक निघाले की शेतकरी धनगरांची मेंढरे शेतात बसवून घेई आणि मोबदल्यात धान्य देई. मेंढरे दिवसा माळावर चरत आणि रात्री शेतात लेंड्या टाकत. गवतात साठलेली सूर्याची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाई, ती परत येत नाही. नायट्रोजन आणि फॉस्फरस मात्र मातीत परतत.

एकोणिसाव्या शतकात खडकवासल्याचा कालवा दौंडकडे आला. पुढे ऊस वाढला, मग पोत्यातले खत आले. आता इथला भाजीपाला पुण्याला जातो. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून येऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि दौंडवरून 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणात साठते. तिथे पाणी संथ होते, जलपर्णी माजते. ती कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे गुदमरतात.

जलपर्णीला खलनायक ठरवणे मला पटत नाही. ती फक्त आपण सोडलेले खत खाते. फॉस्फरस नायट्रोजनसारखा हवेतून परतत नाही. तो खडकातून खणावा लागतो आणि असा बहुतेक खडक आपण आयात करतो. शिवाय काढलेली जलपर्णी काठावरच टाकली, तर ती कुजून पहिल्या पावसात तोच फॉस्फरस पुन्हा भीमेत उतरतो.